प्लग बसतो, तिथून पुढे

भोसरीच्या एमआयडीसीतल्या गाळ्यांमध्ये पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची सीएनसी लेथ मशीनं आजही दोन पाळ्यांत चालतात. बेड ओतीव लोखंडाचा, वजन काही टनांत. स्पिंडलची बेअरिंग वेळेवर बदलली आणि स्लाइडला तेल मिळत राहिलं, की ही मशीनं अजूनही मायक्रॉनांत माप धरतात. त्यांना प्रोग्रॅम पुरवणारा संगणक मात्र पाच-सहा वर्षांत बदलतो आणि दर बदलात त्याच्या पाठीमागचं एखादं सॉकेट कमी होतं. आधी प्रिंटरचा पॅरलल पोर्ट गेला, मग नऊ पिनांचा सिरियल पोर्ट गेला. हल्लीच्या सडपातळ लॅपटॉपला यूएसबी-सीच्या एक-दोन खाचा सोडल्या तर काहीच नसतं.

या दोन वयांमधलं अंतर भरून काढणारे लोक पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाच्या कामाची ही हकीकत. गाळ्यागाळ्यांत त्यांना ‘काका’ म्हणतात, तेवढी ओळख इथे पुरेशी आहे.

काकांचं शिक्षण आयटीआयचं, सुरुवात कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगपासून. तेव्हा प्रत्येक संगणकाला सिरियल पोर्ट असायचाच, त्यामुळे मशीनला संगणक जोडणं हे स्वतंत्र काम आहे असं कुणाला वाटत नसे. पुढे सिरियल पोर्ट दिसेनासा झाला आणि बाजारात ‘यूएसबी टू सिरियल’ नावाची हातभर केबल आली. पुण्यात तापकीर गल्लीत ती काही शे रुपयांत मिळते. कारखानदार ती घेऊन येतो, एक टोक लॅपटॉपला आणि दुसरं मशीनच्या केबलला लावतो. प्लग घट्ट बसतो आणि पुढे काहीच होत नाही. काकांना फोन जातो तो नेमका इथे.

आरएस-232 हे सिरियल पोर्टचं मानक 1960 साली अमेरिकेत आखलं गेलं. त्यात ‘1’ म्हणजे उणे 3 ते उणे 15 व्होल्ट आणि ‘0’ म्हणजे अधिक 3 ते अधिक 15 व्होल्ट. यूएसबी आली 1996 साली. तिचं व्होल्टेज वेगळं आणि मुख्य म्हणजे तिची वागण्याची रीतच वेगळी. सिरियलमध्ये दोन्ही बाजू मनात आलं की अक्षर पाठवतात, तर यूएसबीत संगणकानं विचारल्याशिवाय समोरचं उपकरण तोंड उघडत नाही आणि माहिती गठ्ठ्यांनी जाते. अ‍ॅडॉप्टरमधली चिप या दोन रीतींमधल्या दुभाष्याचं काम करते. दुभाषी कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं.

काकांच्या कामातला सगळ्यात जोखमीचा प्रकार बॅटरीचा. एका गाळ्यातून ऑपरेटरचा फोन आला होता.

“काका, स्क्रीनवर बॅट लुकलुकतंय. सेल आणून ठेवलेत. मशीन बंद करून बदलून टाकू का?”

“अजिबात बंद करू नकोस. मेन स्विचला कुणाला हात लावू देऊ नकोस. निघालोच.”

मशीनवर फॅनकचा झिरो सिरीजचा कंट्रोलर होता. हा कंट्रोलर 1985च्या सुमाराचा आणि भारतातल्या वर्कशॉपांत अजूनही ठिकठिकाणी दिसणारा. त्याची मेमरी टिकते ती तीन मोठ्या सेलवर, टॉर्चमध्ये घालतात तसल्या, मिळून साडेचार व्होल्ट. मशीन चालू असताना सेल बदलले तर काहीच बिघडत नाही. ते मेलेले असताना किंवा काढलेले असताना वीज बंद झाली, तर मेमरी पुसली जाते. नुसते जॉबचे प्रोग्रॅम गेले तर पुन्हा लिहिता येतात, पण त्यांच्याबरोबर पॅरामीटरही जातात. कुठल्या अक्षाची मर्यादा किती, बॉलस्क्रूचा पिच काय, सर्व्होचा गेन किती, मशीन विकत घेताना कुठल्या सोयींचे पैसे भरले होते, हे सगळं त्या आकड्यांत असतं. तीस वर्षांपूर्वी मशीनबरोबर आलेला छापील तक्ता सापडला तर ठीक. नाही सापडला, तर काही टनांचं मशीन जागच्या जागी ठोकळा होतं.

म्हणून आधी सेल चालू मशीनवर बदलायचे, आणि लगेच सगळा डेटा संगणकावर उतरवून घ्यायचा. कंट्रोलरच्या पॅनेलवर त्यासाठी जे बटण आहे त्यावर ‘पंच’ असं लिहिलेलं असतं, कारण त्याची कल्पना कागदी पट्टीवर भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या काळातली. मेमरीही पट्टीच्या लांबीत मोजतात. 80 मीटर मेमरी म्हणजे साधारण 32 केबी, कारण एका इंच पट्टीवर दहा अक्षरं मावायची. ऑपरेटर हे ऐकून चकित होतात. ज्या लॅपटॉपवर हा डेटा उतरतो, त्यातल्या एका फोटोतही अशा शंभर मेमऱ्या बसतील. आणि तरीही ते 32 केबी गेले तर कारखान्याची ऑर्डर अडकते.

केबल काका स्वतः बनवतात, आणि त्याला कारण आहे. कंट्रोलरच्या बाजूचा कनेक्टर पंचवीस पिनांचा असतो. पंचवीसच्या पंचवीस तारा सरळ जोडलेली तयार केबल बाजारात मिळते आणि ती इथे लावणं धोक्याचं आहे. फॅनकच्या या कनेक्टरवर पंचविसाव्या पिनेवर 24 व्होल्ट असतात. कंपनीच्या स्वतःच्या टेप रीडरला वीज देण्यासाठी ती सोय होती. ते 24 व्होल्ट नको तिथे पोचले तर अ‍ॅडॉप्टर जातो, कधी लॅपटॉपही. म्हणून काका तीनच तारा नेतात: पंचवीस पिनांच्या बाजूची 2 नंबरची पिन नऊ पिनांच्या बाजूच्या 2 ला, 3 ची 3 ला आणि 7 ची 5 ला. पाठवणाऱ्याची तार ऐकणाऱ्याच्या कानात जायला हवी, आणि दोन कनेक्टरांवर 2 आणि 3 चे अर्थ उलटे असल्यामुळे आकडे सरळ दिसले तरी जोडणी आपोआप उलटी होते. शिल्डची जाळी एकाच बाजूला, कनेक्टरच्या पत्र्याला.

एवढं करून बटण दाबलं की कंट्रोलर अलार्म दाखवतो: 086. समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल त्याला मिळत नाही. जुन्या मानकात ‘मी तयार आहे’, ‘पाठवू का’, ‘पाठव’ अशा प्रत्येक निरोपाला वेगळी तार आहे आणि तीन तारांच्या केबलमध्ये त्या तारा नाहीत. उपाय सोल्डरिंगचा. पंचवीस पिनांच्या कनेक्टरमध्येच 4 आणि 5 एकमेकींना जोडायच्या, आणि 6, 8, 20 या तिघींना एकत्र बांधायचं. मग कंट्रोलरनं विचारलेला प्रश्न त्याच्याच दुसऱ्या पिनेवर उत्तर म्हणून परत येतो आणि त्याचं समाधान होतं. पिना इतक्या जवळ असतात की टाक्याचा थेंब शेजारच्या पिनेवर सांडायला वेळ लागत नाही. काका प्रत्येक टाक्यानंतर मल्टिमीटर बजरवर ठेवून शेजारपाजारच्या पिना तपासतात. नुसत्या नजरेवर ते विसंबत नाहीत.

मग सेटिंग. वेग 4800, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. संगणकावर आठ बिट आणि पॅरिटी नाही असं राहून गेलं, तर स्क्रीनवर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणांचा पाऊस पडतो. नवख्या माणसाला वाटतं केबल गेली. काकांच्या मते कचरा दिसणं ही चांगली बातमी आहे: तारा बरोबर आहेत, फक्त हिशोब जुळत नाही. काहीच न दिसणं जास्त वाईट.

डेटा बाहेर आला. पूर्ण मेमरी असली तरी या वेगाला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं. खरं घोडं पेंड खातं ते उलट दिशेला, संगणकावरून मशीनमध्ये प्रोग्रॅम पाठवताना. छोटा प्रोग्रॅम बिनतक्रार जातो. मोठा मध्येच थांबतो आणि कंट्रोलर 087 दाखवतो: बफर भरून वाहिला.

या अलार्मवर अनेकांनी केबल बदलल्या आहेत, सॉफ्टवेअर बदललं आहे, कुणी कंट्रोलरचं कार्डही दुरुस्तीला पाठवलं आहे. कारण साधं आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोलरला दम लागला की तो संगणकाला ‘थांब’ अशी एका अक्षराची खूण पाठवतो. तिला एक्सऑफ म्हणतात. त्यानंतर जास्तीत जास्त दहा अक्षरं आली तर तो सोसतो, अकराव्याला अलार्म. जुन्या संगणकातला सिरियल पोर्ट खूण मिळताच जवळपास लगेच गप्प व्हायचा. यूएसबी अ‍ॅडॉप्टरच्या पोटात मात्र शेकडो अक्षरांचा साठा असू शकतो. ‘थांब’ ही खूण अ‍ॅडॉप्टरमधून यूएसबीच्या गठ्ठ्यात जाणार, विंडोजपर्यंत पोचणार, सॉफ्टवेअर ती वाचणार आणि मग थांबणार. तोवर अ‍ॅडॉप्टर आपल्या पोटातली अक्षरं ओतत असतो. कुणाचीच चूक नसते आणि प्रोग्रॅम अर्धवट राहतो.

यावर ज्या चिपमध्ये एक्सऑफची खूण चिप स्वतःच ओळखते आणि जागच्या जागी थांबते, असा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या एफटी232 कुळातल्या चिप हे करतात, आणि ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सोळा मिलिसेकंदांचा जो थांबा असतो तो एकवर आणता येतो. सॉफ्टवेअरमध्येही एक्सऑन-एक्सऑफचा पर्याय निवडलेला हवा. वेग कमी केला तर कंट्रोलरला थांबवायची पाळी कमी वेळा येते, एवढाच फायदा. मुळातला दोष तसाच राहतो.

पण एफटीडीआयचं नाव छापलेली प्रत्येक चिप त्यांचीच असेल असं नाही. 2014च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या या कंपनीच्या एका ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला, आणि जगभर अनेकांचे अ‍ॅडॉप्टर एका रात्रीत ओळखेनासे झाले. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याकडे नकली माल आहे हे ठाऊकही नव्हतं. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीच्या पीएल2303 चिपचीही नक्कल सर्रास होते, आणि तिच्या नव्या ड्रायव्हरला नकली चिप सापडली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही चिप आमची नाही, विक्रेत्याशी बोला, अशा अर्थाचा संदेश झळकतो. कारखान्यातल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की काल चालणारी केबल आज विंडोज अपडेटनंतर बंद पडली. काका म्हणूनच मशीनच्या जवळच्या लॅपटॉपवर अपडेट आपोआप होऊ देत नाहीत आणि तो इंटरनेटलाही जोडत नाहीत. या दोन गोष्टी जोडीनंच करायच्या असतात, कारण अपडेट थांबवलेला संगणक उघड्या नेटवर ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

सिरियलमध्ये निदान वाट निघते. पॅरलल पोर्टचं दुखणं वेगळं आहे. पुण्यातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत, पतसंस्थांत, घाऊक व्यापाऱ्यांकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून कर्कर करत असतात. कार्बन लावून एका फटक्यात तीन प्रती काढायला त्याच्यासारखा दुसरा प्रिंटर नाही. नव्या संगणकाला तो जोडायला ‘यूएसबी टू पॅरलल’ केबल मिळते आणि विंडोजमधून छपाई व्यवस्थित होते. अडतं ते जुन्या फॉक्सप्रोच्या बिलिंगमध्ये, कारण तो प्रोग्रॅम थेट एलपीटी1 या पोर्टाला हाक मारतो आणि या केबलनं संगणकात एलपीटी1 तयार होतच नाही. ती स्वतःची ओळख ‘मी यूएसबी प्रिंटर’ अशी करून देते. मग प्रिंटर शेअर करायचा आणि ‘नेट यूज’ या आज्ञेनं एलपीटी1 हे नाव त्या शेअरकडे वळवायचं. दोन ओळींचं काम आहे. ते माहीत नसल्यानं लोकांनी चालते प्रिंटर भंगारात दिले आहेत, आणि ते पाहून काकांना खरोखर वाईट वाटतं.

प्रिंटर सोडून दुसरं काही पॅरलल पोर्टाला जोडायचं असेल तर ही केबल निरुपयोगी. एकेकाळी महागड्या सॉफ्टवेअरबरोबर पॅरलल पोर्टात खोचायचं एक हार्डवेअर लॉक यायचं. ते लॉक, ईप्रॉम प्रोग्रॅमर, घरगुती सीएनसी राउटरची कार्डं, ही सगळी मंडळी 378 या पत्त्यावर प्रत्येक तार स्वतः वरखाली करायची. यूएसबीच्या पलीकडे तो पत्ताच उरत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं पॅरलल कार्ड कधी चालतं, कधी नाही. लॅपटॉप असेल तर काका स्पष्ट सांगतात की पैसे घालवू नका, जुना संगणकच जपा आणि त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवा. ती हार्ड डिस्क चाळीस पिनांची आयडीई असते आणि तिला यूएसबीला जोडणारा अ‍ॅडॉप्टर मात्र छान चालतो. फक्त साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा पुरवठा वेगळा द्यावा लागतो.

गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर-सांगलीकडून फोन येतात ते वजनकाट्यांचे. उसाची गाडी काट्यावर चढते, इंडिकेटर वजनाचा आकडा सिरियलनं संगणकाला पाठवतो आणि पावती निघते. इथल्या तक्रारी बहुधा दोनच. सफाई करताना कुणीतरी अ‍ॅडॉप्टर काढून दुसऱ्या खाचेत घालतो. स्वस्त अ‍ॅडॉप्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज त्याला नवा पोर्ट नंबर देतं, आणि जुनं सॉफ्टवेअर बिचारं कॉम1 वर वजनाची वाट बघत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमधून नंबर बदलला की झालं. दुसरी तक्रार अंतराची. आरएस-232 पंधराएक मीटरच्या पुढे भरवशाचं नाही आणि काट्यापासून ऑफिस त्याहून लांब असतं. तिथे दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून मधलं अंतर आरएस-485 वर न्यायचं, जे 1200 मीटरपर्यंत जाऊ शकतं. कन्व्हर्टर आयसोलेटेड घ्यायचा, म्हणजे उघड्या माळावरच्या काट्याच्या अर्थिंगमधला फरक ऑफिसच्या संगणकात शिरत नाही.

गेल्या काही वर्षांत काकांकडे एक वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं आहे: लग्नाच्या कॅसेट घेऊन येणारी माणसं. 1995 नंतर आलेल्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांवर इथल्या घराघरांतली लग्नं, मुंजी, साठीशांती चित्रित झाल्या. त्या कॅसेटवरचं चित्र मुळातच डिजिटल आहे आणि ते जसंच्या तसं काढायचं तर कॅमेऱ्याच्या फायरवायर सॉकेटातून. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि फाइल तेरा जीबीच्या आसपास होते. लोक ऑनलाइन मागवलेला ‘फायरवायर टू यूएसबी’ प्लग खिशात घालूनच येतात. त्यात चिप नसते, नुसत्या तारा असतात. या दोन पद्धतींमध्ये असा तारांचा पूल बांधताच येत नाही, आणि असा प्लग विकणाऱ्यांबद्दल काका एरवी कधी वापरत नाहीत तसे शब्द वापरतात.

काकांकडे यासाठी फायरवायरचं कार्ड बसवलेला एक डेस्कटॉप आहे. अ‍ॅपलच्या संगणकांवर थंडरबोल्टचे दोन-तीन अ‍ॅडॉप्टर एकापुढे एक जोडून हे काम बरीच वर्षं होत असे. 2025 साली आलेल्या मॅकओएस 26 नं फायरवायरचा आधारच काढून टाकला. कॅसेटवरचा चुंबकी थर झिजतो आहे, कॅमेऱ्यांचे हेड संपत आले आहेत आणि कार्डं मिळेनाशी होत आहेत. सीएनसीच्या गिऱ्हाइकाला काका ‘पुढच्या आठवड्यात येतो’ असं सांगू शकतात. कॅसेटवाल्यांना सांगतात की आजच ठेवून जा.

इतक्या वर्षांच्या कामातून त्यांनी जी सवय सगळ्यात घट्ट धरली आहे ती सोल्डरिंगची नाही, लिहून ठेवण्याची आहे. प्रत्येक मशीनच्या इलेक्ट्रिक कॅबिनेटच्या दाराला आतून ते एक कागद चिकटवतात. त्यावर केबलची आकृती, वेग, बिट, पॅरिटी, अ‍ॅडॉप्टरमधली चिप कुठली, बॅटरी केव्हा बदलली हे सगळं लिहिलेलं असतं. उतरवलेला डेटा पुन्हा एकदा उतरवून दोन्ही फाइली ते ताडून बघतात, तेव्हाच त्याला बॅकअप म्हणतात. ऑपरेटर बदलतात, मालकांची पुढची पिढी येते, मूळ मशीन विकणारी कंपनी गाशा गुंडाळते. कागद दारावर राहतो. हाताखाली आलेल्या आयटीआयच्या मुलांना ते आधी आकृती काढायला लावतात आणि नंतरच हातात सोल्डरिंग गन देतात. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं आणि तरी काका त्यात सूट देत नाहीत.

हल्ली नव्या व्यवस्थापकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एका कारखान्यात नुकत्याच रुजू झालेल्या तरुण इंजिनिअरनं तो विचारला तेव्हा काका कॅबिनेटसमोर उभे होते.

“काका, हे सगळं किती दिवस ओढायचं? सरळ नवा कंट्रोलर बसवला तर?”

“बसवा की साहेब. मशीन दणकट आहे, खर्च वाया नाही जाणार. पण नवा कंट्रोलर बसवणारा पहिल्या दिवशी तुम्हाला विचारेल, स्क्रूचा पिच किती, बॅकलॅश किती, अक्षांच्या मर्यादा काय. ते आकडे आत्ता फक्त या मशीनच्या पोटात आहेत. आधी ते काढून घेऊ. मग नव्याचं ठरवा.”

इंजिनिअरनं लॅपटॉप आणून दिला. त्याला यूएसबी-सीच्या दोनच खाचा होत्या. काकांनी पिशवीतून यूएसबी-सीचा प्लग काढला, त्याला आयसोलेटेड कन्व्हर्टर लावला, त्याला आपली तीन तारांची केबल जोडली आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढायला सांगितला. “मशीनच्या अर्थिंगचं अजून बघितलेलं नाही,” ते म्हणाले आणि कंट्रोलरवर पॅरामीटरचं पान उघडलं.